मेवलिदाची लाली

मेवलिदाला फळीवर आणून ठेवलं, तेव्हा मानेत गोळीचं भोक होतं आणि ओठांवरची लाली जशीच्या तशी होती.

शेफिका चाळीस वर्षं सारायेव्होच्या त्या मोहल्ल्यातल्या बायकांची प्रेतं धूत आली होती. शहराला वेढा पडल्यापासून तर तिला श्वास घ्यायलाही फुरसत नव्हती. पण या लालीशी तिचं जुनं वाकडं. "अगं, पाण्याला निघालीस की नाटकाला?" असं ती मेवलिदाला रोज टोचायची. संपलेल्या लिपस्टिकच्या तळातून काडीनं रंग उकरत मेवलिदा म्हणायची, "डोंगरावरचा तो मुडदा दुर्बिणीतून बघूनच गोळी घालतो ना, मावशी? मग बघ म्हणावं! रडकं तोंड नाही मिळायचं त्याला."

आज सकाळी त्यानं बघितलं.

शेफिकानं फडकं भिजवलं, तशी मेवलिदाच्या मुलीनं, अल्दिनानं, तिचं मनगट धरलं. "तोंड नका धुऊ, मावशी."

"खुळी का काय तू? न धुता पुरायचं? देवाला काय सांगू मी?"

"गोळी घालून त्याला ही लाली पुसता आली नाही. आणि तुम्ही पुसणार?"

शेफिकाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. न धुता पुरतात ते फक्त लढाईत पडलेल्या शहिदाला, अंगावरच्या कपड्यांनिशी. तिनं एकदा त्या ओठांकडे बघितलं. मग फडकं बाजूला टाकून तिनं कपड्यांवरूनच कफन गुंडाळलं.

मशिदीचे होजा दारात आले. "रीतीप्रमाणे झालं ना सगळं?"

"नाही धुतलं. शहीद आहे ती."

"डोकं फिरलंय का, शेफिका? पाणी आणायला गेली होती ती, लढायला नव्हे."

"लढायलाच जायची. रोज जायची. मलाच मेलीला कळलं नाही." शेफिकाला रडू फुटलं.

होजांनी आवाज खाली आणला. "पाणी नव्हतं म्हण. शहरात कुणाकडे आहे? मी मान्य करतो. तुझ्यावर ठपका नको."

"पाणी होतं," शेफिका म्हणाली. "तिनंच आणलेलं. जाताना नाही, येताना पडली ती. डबा भरलेला आहे." ती दारात आडवी उभी राहिली. "शहीद म्हणून नेणार असाल तर न्या."

होजांनी तिच्या मागचा भरलेला डबा बघितला. मग बाहेरच्या माणसांना त्यांनी हाक मारली, "या रे आत. शहीद आहे."