न उघडलेला पलंग

हिवाळा सरत आला असताना एका रविवारी, सकाळी दहाच्या सुमारास, टेकडीच्या उतारावरील वसाहतीतल्या शेवटच्या घराच्या गॅरेजमध्ये, वजनमापे खात्यातून निवृत्त झालेले एक निरीक्षक आपली जुनी प्रवासी व्हॅन विकण्यास सिद्ध झाले.

व्हॅन त्यांच्या लग्नाच्या वर्षीच घेतलेली होती आणि, ते स्वतः सांगत त्याप्रमाणे, लग्नापेक्षा अधिक निगुतीने सांभाळलेली होती. हा विनोद ते पत्नीच्या देखत करीत, आणि पत्नी प्रत्येक वेळी कपबशा उचलून आत जाई. खाली निळी, वर साईच्या रंगाची ती गाडी आजही आरशासारखी लखलखत होती. खिडक्यांचे रबर मऊ होते, पडद्यांच्या चुण्या मूळच्याच होत्या. आत एका भिंतीला उभा मिटवून ठेवलेला, खटका ओढताच खाली येणारा पलंग होता. जाहिरातीत निरीक्षकांनी अभिमानाने लिहिले होते : ‘पलंग एकदाही उघडलेला नाही.’

आणि ते खरेच होते, कारण गाडी कधी लांबच्या प्रवासाला गेलीच नव्हती. समुद्राकडे जावे तर खारी हवा, डोंगरात जावे तर खडी. पलंग उघडावा तर बिजागऱ्या झिजणार. मुलगी लहानपणी रडून थकली, मोठी होऊन परगावी गेली. गाडी मात्र दर रविवारी गॅरेजमधून अंगणात आणि अंगणातून गॅरेजमध्ये एवढाच प्रवास करीत राहिली.

आता गुडघ्यांनी दगा दिल्यामुळे वाकून चाके पुसणे होईना, म्हणून विकण्याचा निर्णय झाला. निर्णय निरीक्षकांनी घेतला आणि जेवताना जाहीर केला. पत्नीने त्यावर फक्त मीठ पुढे सरकवले. त्यानंतर जी गिऱ्हाइके आली त्यांची निरीक्षकांनी अशी काही उलटतपासणी घेतली की प्रत्येकाने काढता पाय घेतला. एकाने गाडीवर चित्रे रंगवण्याची इच्छा बोलून दाखवली. त्याला तर फाटकापर्यंत जाताना कलेच्या मर्यादांवर व्याख्यान ऐकावे लागले.

आजच्या बाई दातांच्या डॉक्टर होत्या. त्यांनी प्रत्येक प्रश्नाला नेमके उत्तर दिले, गाडीत शिरण्यापूर्वी न सांगता चपला काढल्या, आणि इंजिनाचा आवाज डोळे मिटून ऐकला. निरीक्षक विरघळले.

“ठरलं,” ते म्हणाले. “गाडी तुमची.”

दारात उभ्या असलेल्या पत्नीच्या हातातला टॉवेल खाली पडला. तिकडे कोणाचे लक्ष गेले नाही.

“फक्त तो पलंग उघडून दाखवा,” डॉक्टरबाई म्हणाल्या.

“तो उघडलेला नाही, हेच तर त्याचं मोल आहे.”

“काका, तोंड उघडल्याशिवाय आम्ही दातांबद्दल काही बोलत नाही.”

युक्तिवाद बिनतोड होता. निरीक्षकांनी श्वास रोखून खटका ओढला. इतक्या वर्षांनी तो अडणार, किंचाळणार, अशी त्यांची खात्री होती. पण पलंग लोण्यात सुरी फिरावी तसा अलगद खाली आला. त्यावर विटलेली गोधडी होती, चष्म्याचे घर होते, आणि एक उशी होती. उशीच्या मधोमध डोक्याचा खळगा होता.

निरीक्षकांच्या पायाखालची जमीन सरकली. दुकानदारांच्या तागड्यांखाली चिकटवलेले मेणाचे गोळे ज्यांनी नुसत्या नजरेने हेरले होते, त्यांच्या स्वतःच्या गॅरेजमध्ये कोणी परका राहत होता! “चोर!” ते कसेबसे म्हणाले. “पोलिसांना बोलवा. कोणीतरी इथे झोपतंय.”

“कोणीतरी नाही,” पत्नी म्हणाली. “मी.”

निरीक्षकांनी तिच्याकडे पाहिले, मग उशीकडे, मग पुन्हा तिच्याकडे. “केव्हा?”

“आधी तुम्ही कचेरीत असताना, आता दुपारी वाचनालयात वाद घालायला जाता तेव्हा.”

“किती दिवस?”

“मुलगी पाळण्यात होती तेव्हापासून. बिजागऱ्यांना शिलाई मशीनचं तेल घालते मधूनमधून.”

“अगं, पण घरात पलंग नाही का?”

“आहे ना. त्याची चादर कुठल्या बाजूने दुमडायची तेही तुम्ही ठरवलंय. खिडकी किती उघडायची, पंखा कितीवर ठेवायचा, उशी कुठली. घरातला एकेक कोपरा तुम्ही तपासता. या पलंगाला मात्र तुम्ही कधी हात लावला नाही. म्हणून इथे मला झोप लागते.”

दिव्याखाली अंधार असतो हे निरीक्षकांनी आयुष्यभर इतरांना ऐकवले होते. पण त्या अंधारात कोणी सुखाने पहुडलेले असेल, अशी शंकाही त्यांना आली नव्हती.

“मग विकायचं ठरलं तेव्हा बोलली का नाहीस?”

“बोलायची गरज काय होती? येईल त्याला तुम्हीच पळवून लावत होतात. माझं काम फुकटात होत होतं.” तिने डॉक्टरबाईंकडे पाहिले. “या बाई तुमच्या परीक्षेत पास होतील, असं वाटलं नव्हतं हो.”

डॉक्टरबाईंना हसू आवरेना. निरीक्षक मात्र ताठ झाले. “जाहिरात खोटी ठरली. मी शब्द दिला होता, पण खोट्या मालावर दिला होता. सौदा मागे घेतो.”

“मला पलंग वापरलेलाच हवा,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “हा चालतोही छान. माझ्याकडून तक्रार नाही. आता स्पष्ट सांगा काका, देताय की नाही?”

या घरातल्या कुठल्याही प्रश्नाचे उत्तर निरीक्षकांपाशी नाही, असे आजवर कधी घडले नव्हते. ते गाडीच्या पायरीवर बसले. हातातली किल्ली त्यांनी काही क्षण न्याहाळली आणि पत्नीपुढे धरली.

“तू सांग.”

तिने किल्ली घेतली नाही. आधी गोधडीची घडी नीट केली, चष्म्याचे घर उशीखाली सरकवले, एका हाताने पलंग उचलून भिंतीला लावला. मग डॉक्टरबाईंकडे वळून ती म्हणाली, “द्यायची नाही.”