मशीनच्या आवाजाखाली

“अय्या सिस्टर, ही बाई तर अगदी तुमच्यासारखं म्हणते!” धाकटी नर्स खिदळली आणि तिनं मोबाइल माझ्या नाकासमोर धरला.

दुपारच्या चहाची वेळ. वॉर्डामागच्या खोलीत आम्ही तिघी होतो: धाकटी, मेट्रन आणि मी. धाकटी जेवताना, चहा पिताना आणि बहुधा झोपेतसुद्धा मालिका बघते. पडद्यावर एक नटी पाठमोरी उभी राहून रडत होती.

“काय म्हणते?”

“थांबा, परत लावते. रडता रडता मध्येच बघा, ‘झालं हं, झालं.’ इंजेक्शन देताना तुम्ही पोरांना म्हणता ना? डिट्टो!”

तिनं परत लावलं. मी ऐकलं आणि हातातला चहा बशीत सांडला.

ती मी होते. माणसाला स्वतःचं रडणं ओळखता येतं का, असं कुणी विचारलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. पण येतं हो. तो अडकत अडकत आत जाणारा श्वास माझा, तो गिळलेला हुंदका माझा आणि पुटपुटणंही माझंच. खांदे हलत होते त्या नटीचे आणि रडत होते मी.

“काय गं, पांढरीफटक का पडलीस?” मेट्रननी विचारलं.

“ॲसिडिटी,” मी म्हटलं आणि खोलीबाहेर पडले.

आमचा वॉर्ड लहान मुलांचा. तिथं नर्सनं डोळे पुसून चालत नाही. आईबाप औषधाकडे बघत नाहीत, आमच्या तोंडाकडे बघतात. घरी रडावं तर आमचे हे असे हळवे, की माझे डोळे नुसते लाल दिसले तरी यांचा घास अडतो. म्हणून मी माझी सोय करून ठेवली होती. वॉर्डात वाईट काही घडलं की घरी आल्यावर कपडे गोळा करायचे, मागच्या धुण्याच्या जागेत जायचं, दार लोटायचं आणि मशीन लावायचं. आमचं मशीन जुनं आहे, फिरायला लागलं की ट्रक चढावर निघाल्यासारखं घुरघुरतं. त्याच्याखाली मनसोक्त रडावं, कुणाच्या बापाला कळत नाही. तोंड धुवून बाहेर यायचं आणि विचारायचं, भाजी काय करू?

इतकी वर्षं कुणाला पत्ता लागला नाही, मग हे त्या मालिकेत गेलं कसं? विचार करायची गरजच नव्हती. घरात चोर एकच.

हे लिफ्ट दुरुस्त करतात. ते पोटापाण्यासाठी, जीव मात्र आवाजांत. इंटरनेटवर यांच्यासारख्यांची एक साइट आहे. कुणी दाराची करकर टाकतो, कुणी किटलीची शिटी, कुणी मांजराचं घोरणं. सगळं फुकट. ज्याला सिनेमाला, नाटकाला लागेल त्यानं खुशाल उचलावं. तिथली मंडळी यांना ‘कानसेन’ म्हणतात, आणि ते मला सांगताना यांची छाती फुगते. आवाज टिपायचं काडेपेटीएवढं एक यंत्र आहे, ते हे कुठंही ठेवून देतात. एकदा माझ्या चपलेत सापडलं होतं. मी म्हणायचे, “यापेक्षा सवत परवडली, निदान दिसते तरी!”

घरी पोचले तर स्वारी हेडफोन लावून बसलेली. मी तो ओढून काढला.

“धुण्याच्या मशीनमागं यंत्र ठेवलं होतंत?”

“मागच्या वर्षी. अगं, एकाला मशीनचा आवाज हवा होता.” यांचे डोळे चमकले. “पण त्यात काय मिळालं, सांगितलं नाही का तुला? मशीनच्या आवाजाखाली एक बाई रडत होती! मी तो मशीनचा आवाज हळूहळू पुसून काढला. कितीतरी रविवार गेले त्यात. माझ्या आवाजांपैकी सगळ्यात जास्त उचलला गेलेला आवाज आहे तो!”

“कोण बाई?”

“खालची.” यांनी आवाज एकदम बारीक केला. “पाइपातून येतो ना वर. बिचारी. म्हणून तर मी तिच्या नवऱ्याशी बोलणं टाकलं. घरात बायकोला रडवतो आणि जिन्यात मला हसून दाखवतो, नालायक!”

मी कपाळाला हात लावला. खालचे गृहस्थ म्हणजे गरीब गाय. बायकोची पिशवी स्वतःच्या खांद्यावर घेऊन चालणारा माणूस. वर्षभर ते मला विचारत होते, “वहिनी, साहेब रागावलेत का हो?”

“ती मी आहे,” मी म्हटलं.

“काय?”

“ती रडणारी बाई. मी आहे.”

हे आधी हसले. मग माझ्याकडे बघितलं आणि हसणं तोंडावरच राहिलं. यांनी हेडफोन परत कानाला लावला, फाइल शोधली आणि माझ्याकडे बघत ऐकू लागले. एका ठिकाणी यांची नजर माझ्या ओठांवर आली. मी म्हटलं, “झालं हं, झालं.”

चटका बसावा तसा यांनी हेडफोन काढून टाकला.

“मी हजारदा ऐकलंय हे,” हे म्हणाले. “एकेक हुंदका हातानं साफ केलाय. मला ओळखू आलं नाही गं.”

मग मात्र माझं डोकं सणकलं. “लिफ्टची दोरी कुरकुरली तर खालून सांगता काय बिघडलंय! आणि इतकी वर्षं जिच्या शेजारी झोपता तिचं रडणं कळत नाही?”

“तू रडतेस हेच मला ठाऊक नव्हतं. मग ओळखणार कशावरून?”

तशी व्यवस्था मीच केली होती. पण राग जाईना.

“बरं, खालची असती, तर चाललं असतं? तिला विचारलं होतंत? जगभर फुकट वाटलंत ते!”

इतके लाल झालेले कान मी यांचे कधी पाहिले नव्हते. त्याच संध्याकाळी यांनी तो आवाज साइटवरून काढला. पण ज्यांनी नेला त्यांच्याकडे तो आहेच. कुठल्या कुठल्या बायका माझ्या आवाजात रडत असतील, देव जाणे. मग हे खाली गेले आणि त्या गृहस्थांची माफी मागून आले. कशाबद्दल, ते त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही म्हणे. त्यांनी यांना चहा पाजून परत पाठवलं.

आमचं बोलणं मात्र कामापुरतंच उरलं. मला यांच्यासमोर उघडं पडल्यासारखं वाटे, आणि हे घरात चोरासारखे वावरत.

पुढं एका सकाळी वॉर्डातली खिडकीजवळची खाट रिकामी झाली. दुपारी मी घरी आले, कपडे गोळा केले, मागं गेले, दार लोटलं. मशीनमागं हात घालून चाचपून बघितलं. यंत्र नव्हतं. बटण दाबलं. पाणी भरलं, घुरघुर सुरू झाली आणि मी भिंतीकडे तोंड केलं.

दार उघडलं. हे आत आले, हात लांबवला आणि मशीन बंद केलं.

ती शांतता मला सहन होईना. यांनी बादली पालथी घातली आणि तिच्यावर बसले. मी पाठमोरीच उभी. मग हे म्हणाले, अगदी माझ्या सुरात, मध्ये तेवढंच थांबून, “झालं हं, झालं.”

“नाही झालं,” मी म्हटलं.

आणि मी वळले. “खिडकीपाशी एक पोरगी होती,” मी सांगायला लागले, आणि सांगता सांगता गळा काढून रडले. खाली ऐकू गेलं असेल, खुशाल जावो. हे मान खाली घालून ऐकत होते.

कपडे संध्याकाळपर्यंत तसेच पाण्यात राहिले. त्यांना कुबट वास आला, परत धुवावे लागले.