गिळलेला घोट

कॉफीची चव घेणारा माणूस कॉफी पीत नाही. चमचाभर घेतो, फुर्रकन ओढतो, जिभेवर घोळवतो आणि थुंकतो. आमच्या चवखोलीत हा नियम मालकीणबाईंपेक्षाही मोठा. दिवसाला ऐंशी-नव्वद कप चाखायचे, गिळत बसलं तर संध्याकाळपर्यंत माणूस छताला टेकेल. मी सव्वीस वर्षं थुंकले. इथिओपियाची फुलांच्या वासाची, येमेनची मनुक्यासारखी, ब्राझीलची भाजक्या शेंगदाण्यासारखी, सगळ्या देशांची थुंकली. महागड्या अरबिका कॉफीत कुणी मूठभर स्वस्तातला रोबस्टा ढकलला तर पहिल्या चमच्याला पकडायचे. रोबस्टात कॅफीन जवळजवळ दुप्पट आणि वर कडवटपणा, तो माझ्यापासून लपतोय कुठला!

मग एका तापाने माझी वासाची जाण नेली. गेली ती गेलीच. वासाशिवाय जिभेला नुसतं कडू, आंबट, गोड एवढंच कळतं. त्यात छातीतले ठोके मध्येच चुकायला लागले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कॉफी बंद. अगदीच राहवलं नाही तर कॅफीन काढलेली घ्या." मालकीणबाई भल्या. त्यांनी मला घालवलं नाही, कप धुवायला ठेवलं. माझ्या खुर्चीत बाहेरून शिकून आलेले एक गृहस्थ येऊन बसले. मी त्यांना मनातल्या मनात नाकसाहेब म्हणायचे. माणूस वाईट नव्हता हो, पण माझ्या खुर्चीत बसला होता ना!

आठ महिने असे गेले. मग एका सोमवारी कॅफीन काढलेल्या कॉफीचा नवा माल आला. ती आम्ही स्वतः भाजत नाही, बाहेरून भाजून दळून येते. आम्ही चाखायची, पाकिटं भरायची, शिक्का मारायचा. माल जायचा होता मोठ्या इस्पितळात, हृदयरोग्यांच्या विभागाला. साठ खोकी.

नाकसाहेबांनी चाखली आणि खूश झाले. "वा! कॅफीन काढलंय हे कळतसुद्धा नाही!" असं म्हणत थुंकले, शंभरात अठ्ठ्याऐंशी गुण दिले आणि सही ठोकली.

किटलीत बरीच उरली होती. फेकवेना, म्हणून मी कपभर ओतून घेतली आणि पिऊन टाकली. अर्ध्या तासात माझी डावी पापणी फडफडायला लागली. छातीत धडधड, बोटांना कंप, हातातला कप सुटून फुटला. आठ महिने कॅफीनचा थेंब पोटात नव्हता, त्यामुळे मला लगेच उमगलं. तशीच ओल्या हातांनी मालकीणबाईंच्या खोलीत शिरले.

"बाई, त्या मालात कॅफीन आहे."

नाकसाहेब तिथेच होते. ते हळूच म्हणाले, "काकू, रागावू नका, पण तुम्हाला वास येत नाही."

"नाकाने कोण सांगतंय? मी पापणीने सांगतेय!"

पाकिटं भरणाऱ्या बायका दारात जमल्या होत्या, त्या फिसकन हसल्या. त्यांत आमच्या वन्संही होत्या, माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. "अगं, तुझ्या पापणीसाठी साठ खोकी अडवायची का?" म्हणाल्या. घरचीच माणसं अशी, मग बाहेरच्यांचं काय बोलायचं!

मी नाकसाहेबांकडे वळले. "साहेब, तुम्ही त्यातली गिळली किती?"

"गिळली? चवखोलीत कोण गिळतं?"

"मग तुम्हाला कळणार कसं?"

त्यांनी आपला सहीचा कागद मालकीणबाईंपुढे सरकवला. मालकीणबाई कपाळ चोळत म्हणाल्या, "कागद बरोबर आहेत, गुण बरोबर आहेत. गाडी उद्या दुपारी चारला जाणार. प्रयोगशाळेला तीन दिवस लागतात, काकू. तुमच्या एका शब्दावर कशी थांबवू?"

"तिथे माझ्यासारखेच ठोके चुकणारे लोक बसलेत, बाई! माझी परीक्षा घ्या. कॅफीन काढलेल्या जुन्या मालाची दोन पाकिटं शिल्लक आहेत. उद्या जुनी नाहीतर नवी, कुठलीही द्या, सांगू नका. दोनदा द्या. मी चुकले तर परवापासून येत नाही."

शब्द तोंडातून निघून गेला. या जागेशिवाय मला दुसरं होतं काय? घरी बसून भिंतींशी बोलले असते. पण बोलले ते बोलले.

मंगळवारी नऊला पहिला कप आला. मालकीणबाईंनी आत जाऊन दोनदा नाणं उडवलं होतं आणि काय निघालं ते कागदावर लिहून तो उपडा ठेवला होता. मी शेवटच्या थेंबापर्यंत प्याले आणि स्टुलावर बसले. अर्धा तास झाला, काही नाही. तास झाला, तरी पापणी ढिम्म. नाकसाहेब घड्याळ बघत होते. कालचं सगळं वयाचं तर नव्हतं? पण नाही ते आहे कसं म्हणू?

"जुनी," मी म्हटलं. मालकीणबाईंनी चेहऱ्यावरची रेष हलू दिली नाही.

दुसरा कप दुपारी एकला. दहा मिनिटं गेली, वीस गेली. वन्सं पाकिटं टाकून माझ्या पापणीकडेच टक लावून होत्या.

"हलली! अगं, हलली!" त्याच ओरडल्या.

पाठोपाठ छातीत धडधड सुरू झाली. मी हात पुढे केला, बोटं थरथरत होती. नाकसाहेबांनी माझी नाडी धरली आणि घड्याळाकडे बघून मोजली. "एकशे आठ," ते म्हणाले. त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"ही नवी!" मी म्हटलं.

मालकीणबाईंनी कागद उलटा केला. वर 'जुनी', खाली 'नवी'. त्यांनी तिथूनच फोन उचलला आणि गाडी रद्द केली. नमुना प्रयोगशाळेत गेला. डॉक्टरीणबाईंनी मला संध्याकाळी यथेच्छ झापलं, ते मी हसत हसत ऐकून घेतलं.

शुक्रवारी अहवाल आला. मालकीणबाईंनी यंत्रं बंद करायला लावली आणि सगळ्यांसमोर मोठ्याने वाचला. कॅफीन साध्या कॉफीइतकंच, पुरेपूर. पुरवठादाराकडे भलतंच पोतं दळलं गेलं होतं, आता तो फोनवर माफ्या मागत होता. पाकिटंवाल्या बायकांनी असा गलका केला की भट्टीवरची माणसं धावत आली. वन्संनी मला मिठी मारली आणि जो भेटेल त्याला सांगत सुटल्या, "आमची भावजय आहे ती!" सोमवारी कुठे गेली होती यांची भावजय? पण मला रडू आलं, खोटं कशाला सांगू.

नाकसाहेब जवळ आले. "काकू, कळत नाही म्हणून मी तिला गुण दिले. कळत नव्हतं, कारण काढलंच नव्हतं! मला हे शिकवाल?"

"शिकवीन की. पण आधी कॉफी सोडावी लागेल. घरचीसुद्धा."

त्यांचा चेहरा असा पडला की मालकीणबाईही हसल्या. मग त्यांनी त्या मालाचा कागद माझ्यापुढे ठेवला, अठ्ठ्याऐंशी गुणांचा, साहेबांच्या सहीचा. "यापुढे कॅफीन काढलेला माल प्रयोगशाळेचा कागद आणि तुमची सही, दोन्ही असल्याशिवाय दाराबाहेर जाणार नाही. लिहा काकू."

मी पेन घेतलं आणि त्या अठ्ठ्याऐंशीवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, ठसठशीत अक्षरात लिहिलं: नामंजूर.