पाय मोजणारी पट्टी

मित्रांनो, बुटांच्या दुकानात पाय मोजायची धातूची पट्टी असते ना, तीच मी. आता बरीच जुनी झाले आहे. मागे टाचेसाठी खोलगट जागा, कडेला आकडे आणि बोटांपाशी सरकणारा काटा. अमेरिकेत, मिनेसोटातल्या डुलुथ गावी आर्विड लिंडक्विस्टच्या दुकानात मी चाळीस वर्षं काम केलं. शाळा उघडायच्या आधी मला जराही उसंत नसे.

मार्लिस हाउगेन घरोघर टपाल वाटायची, बर्फातूनसुद्धा पायीच. हिवाळ्याआधी ती बूट घ्यायला येई. नंबर कायम नऊ. ती सेहेचाळीस वर्षांची झाली आणि काटा दहावर गेला.

"परत मोज," ती म्हणाली. परत दहाच.

"अगं, या वयात पाय वाढतात होय?" आर्विड म्हणाला. "आणि तुझी अंगठी कुठंय?"

"बोटात जात नाही. वजन वाढलंय. तू बूट विक रे, डॉक्टरकी नको करूस!"

"आधी डॉक्टर, मग बूट."

ती दार आपटून गेली. तीन महिन्यांनी मात्र परत आली, डॉक्टरांकडे जाऊन. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी असते. मार्लिसच्या त्या ग्रंथीवर गाठ झाली होती आणि ती वाढीचं संप्रेरक भसाभस सोडत होती, म्हणून हातपाय वाढत होते. नाकावाटे शस्त्रक्रिया करून गाठ काढली होती. हाडं मात्र वाढली ती वाढलीच. तिने दहा नंबरचे बूट घेतले.

दर वर्षी रक्त तपासायचं होतं. पाच वर्षं तिने तपासलं. मग "बरी आहे की मी" म्हणत दोन वर्षं टाळलं. तिसऱ्या वर्षी काटा साडेदहावर थांबला. मार्लिस हातात मोजा धरून बसून राहिली.

"परत आलं का रे?"

"ते मी कसं सांगू? पण उद्याच दाखव."

"मला नाही आता परत नाकातून काही करून घ्यायचं."

"बरं. सकाळी आठला गाडी घेऊन येतो."

गाठीचा मागे राहिलेला कण वाढला होता. या वेळी शस्त्रक्रिया टळली, पण दर चार आठवड्यांनी इंजेक्शन सुरू झालं. ते अजून चालू आहे.

पुढे लोक घरबसल्या बूट मागवू लागले. दुकान बंद झालं आणि मी भंगाराच्या खोक्यात पडले. तिथून मार्लिसनेच मला उचललं.

"हिचं काय करणार तू?" आर्विडने विचारलं.

"तू चाललास ॲरिझोनाला. मग माझ्या पायांवर लक्ष कोण ठेवणार?"

आता मी तिच्या मागच्या दाराशी असते. काटा चार वर्षं हललेला नाही. तरी ती रक्त तपासायला जातेच, कारण गाठीचं मला काही कळत नाही. मी फक्त पाय मोजते. मित्रांनो, बरं वाटतंय म्हणून तपासणी टाळू नका. आणि घरात कुणा मोठ्या माणसाला बूट एकाएकी लहान व्हायला लागले, तर हसण्यावारी नेऊ नका. रागावलं तरी विचारा.