सासूबाईंसाठी शॉकअप

खुब्याचं ऑपरेशन होऊन सासूबाई हॉस्पिटलात पडल्या होत्या आणि त्यांनी जेवण जवळजवळ सोडलं होतं. डबा जसा जायचा तसा परत यायचा. डॉक्टर म्हणाले, हाड उत्तम बसलंय, उद्या घरी न्या, आपल्या माणसांत गेल्या की खायला लागतील. अँब्युलन्सचं नाव काढलं तेव्हा कुठे त्या बोलल्या.

"त्या गाडीत मला घालू नगा. तुजा सासरा तिच्यातनंच घरी आला."

सासरे आले होते खरे, पण चादरीखाली. तेव्हापासून आमच्या धायरीच्या भावकीत अँब्युलन्समधून घरी येणं म्हणजे काय, हे लहान पोरालाही ठाऊक होतं. मी म्हटलं, "बरं, मग आपली गाडी आणते."

"तिच्यातनं तर न्हाईच न्हाई. येताना तिनं माजा जीव घेतलाय. मला हितंच राहू द्या. किती दिस राहिल्यात आता."

एवढं बोलून त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. मथुराबाई म्हणजे गावच्या पाणवठ्यावर शब्दाला शब्द देणारी बाई. लग्न होऊन आले तेव्हापासून आमचं एका दिवसापुरतंही पटलं नाही, आणि आता त्या भांडेनात म्हणून मला रडू येत होतं. असलं रडू कुणाला सांगायचीही सोय नसते.

गाडीबद्दल त्या बोलल्या ते मात्र खोटं नव्हतं. पडल्या त्या दिवशी मीच त्यांना गाडीतून आणलं. सिंहगड रोडवर स्पीडब्रेकर आला की मागून धप्प आवाज यायचा, सगळी सीट खालून आपटायची आणि त्या किंचाळायच्या. पुढचा स्पीडब्रेकर दिसला की मीच आधी डोळे मिटायला बघायचे, पण गाडी मी चालवत होते.

त्या धप्पचा कर्ता-करविता माझा नवरा मच्छिंद्र. जमीन बिल्डरला गेली, त्यावर बारा मजले उभे राहिले, पण ओढ्याकाठची एक पट्टी यांनी ठेवली आणि तिच्यात कांदा लावतात. तो कांदा मार्केट यार्डात नेण्याएवढा निघत नाही, म्हणून पोती आमच्या छोट्या गाडीत कोंबून सोसायट्यांच्या गेटवर विकतात. आपल्याच जुन्या वावरात राहणाऱ्या फ्लॅटवाल्यांना आपलाच कांदा विकताना त्यांना काय सुख होतं ते त्यांनाच माहीत. गाडीचं मागचं अंग बसलं ते या सुखापायी.

आवाज यायला लागला तेव्हा यांनी निदान केलं की आतलं प्लॅस्टिक हलतंय. झालं. प्लॅस्टिकमागे बारदानाचे तुकडे खुपसले आणि वरून सुतारकामाचे लांब स्क्रू मारले. बैलगाडीचं चाक करकरलं की चिंध्या कोंबायच्या, हे घराण्याचं शास्त्र. आवाज थोडा दबला आणि आतलं दुखणं वाढत गेलं.

हॉस्पिटलातून मी तडक धायरी फाट्यावर नासिरभाईंच्या गॅरेजवर गेले. त्यांनी गाडीचं मागचं टोक दोन्ही हातांनी दाबून पाहिलं आणि मान हलवली.

"मागचे दोन्ही शॉकअप गेले वहिनी, धक्का झेलतात ते, आणि वरचं रबरही चेपलंय. बदलायला वेळ लागत नाही. पण वरचे नट गाडीच्या आत आहेत, त्या प्लॅस्टिकच्या मागे. सीट काढा, सीटबेल्टचे पट्टे सोडा, प्लॅस्टिक काढा, तेव्हा कुठे हात पोचतो. त्यात अर्धा दिवस जातो. उद्या माझ्या भाचीचं लग्न आहे, परवा या."

"उद्या डिस्चार्ज आहे."

"मग एक करता येईल. आतलं सगळं तुम्ही काढून आणा. सकाळी हॉलवर जायच्या आधी मी नट सोडून नवे बसवतो. क्लिपा जपून काढा, तुटल्या तर मिळत नाहीत."

मला त्यांनी नट-बोल्ट खोलायचे पाने दिले, आणि सीट कुठून उचलायची, पट्ट्याचा बोल्ट कुठे असतो, ते बोट ठेवून दाखवलं. मी विश्रांतवाडीची, वडील सरकारी नोकरीत, आयुष्यात बल्बसुद्धा दुसऱ्याने बदललेला. पण सासूबाईंचं ते भिंतीकडे वळलेलं तोंड डोळ्यांपुढून हलत नव्हतं.

अंगणात गाडी लावली आणि सुरुवात केली. बसायची सीट पुढून उचलताच टपकन निघाली. पाठीची सीट बोल्टवर होती, तीही निघाली. दाराच्या कडेची रबरी पट्टी ओढून काढली. प्लॅस्टिक मात्र हलेना. पेचकस घातला की ओरखडे उठत होते. शेवटी स्वयंपाकघरातलं पातळ उलथनं आणलं, त्याला जुन्या पातळाची चिंधी गुंडाळली आणि कडेत सरकवून हळूच उचकटलं. टक्. एक क्लिप सुटली. थालीपीठ तव्यावरून सोडवताना जसं कडेकडेनं जावं लागतं तसंच हे होतं, आणि ते मला येत होतं.

कुठला स्क्रू कुठला हे लक्षात राहणार नव्हतं. मग टिकल्यांचं पाकीट आणलं. उजव्या बाजूच्या तुकड्यांना लाल, डाव्या बाजूच्यांना हिरव्या, आणि ज्या भोकातून जो स्क्रू निघाला तिथे त्याच आकाराची टिकली. शेजारची जाऊ प्रेमला कुंपणावरून बघत होती. "हळदीकुंकू कधी हाय गाडीचं?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "तुझी वाण आणायची तयारी झाली की."

उजवी बाजू मोकळी झाली. डावीकडे यांचे सुतारी स्क्रू आडवे आले. गंजलेले, डोकी झिजलेली, पेचकस नुसता गरगर फिरायचा. तेवढ्यात हे आले. सीट अंगणात, प्लॅस्टिक ओट्यावर आणि बायको गाडीत पालथी, हे बघून म्हणाले, "भंगारवाला बोलावला का?"

"तुम्हीच बसा की पाटीत, बरा भाव येईल," मी म्हटलं. मग मात्र मला आवरलं नाही. "आई दवाखान्यातून यायला नाही म्हणतात. अँब्युलन्सला भितात, त्याहून जास्त तुमच्या गाडीला भितात. जेवत नाहीत. तिथेच मरायचं म्हणतात. हे स्क्रू निघाले नाहीत तर उद्या त्या घरी येणार नाहीत, आणि उद्या आल्या नाहीत तर कधीच यायच्या नाहीत. कळतंय का?"

 मच्छिंद्र घरात जाऊन पक्कड आणि तेलाची बाटली घेऊन आले. गाडीत शिरले, एकेका स्क्रूवर तेल सोडलं आणि पकडीनं डोकं धरून पीळ देत राहिले. हाताला फोड आले तरी थांबले नाहीत. शेवटचा स्क्रू निघाला तेव्हा प्लॅस्टिक सुटून त्यांच्या मांडीवर आलं आणि त्याच्यामागून बारदान, माती आणि कांद्याची सालं बदाबदा पडली. त्या ढिगाखाली एक काळं टोपण होतं. ते काढलं तर नट दिसला, आणि त्याच्याभोवती रबराचा नुसता चुरा.

"मला वाटत होतं प्लॅस्टिकच वाजतंय," ते म्हणाले. "आईला लई लागलं का गं?"

"लागलं," मी म्हटलं. खोटं बोलावंसं वाटलं नाही. त्यांनी तो चुरा मुठीत घेतला आणि दुसऱ्या हातानं उरलेलं बारदान ओढून बाहेर टाकलं.

सकाळी नासिरभाई लग्नाच्या इस्त्रीच्या कुर्त्यावर जुना टॉवेल गुंडाळून आमची वाट बघत होते. आत नट, खाली बोल्ट, जुने शॉकअप बाहेर, नवे आत. काम चालू असताना त्यांच्या घरून फोनवर फोन येत होते आणि ते दर वेळी "निघालोच" म्हणत होते. निघताना टिकल्या पाहून हसले. सगळं परत बसवायला मात्र आम्ही दोघंच होतो. लालला लाल, हिरव्याला हिरवी. एक क्लिप तुटली, तिथे प्लॅस्टिक थोडं उचललेलं राहिलं. टिकल्या काढायला वेळच नव्हता.

सासूबाई गाडीत बसायला तयार झाल्या त्या आमच्यावर विश्वासून नव्हे, तर नर्सनं पुढच्या पेशंटसाठी चादर बदलायला घेतली म्हणून. मागच्या सीटवर उशा लावून, पाय लांब करून त्यांना बसवलं. हे पुढे माझ्याशेजारी बसले. त्यांच्या हाताला पट्टी होती. मी आरशातून सासूबाईंकडे बघितलं. डोळे गच्च मिटलेले, एक हात दाराच्या कडीला.

पहिला स्पीडब्रेकर आला. मी गाडी इतकी हळू केली की मागचा रिक्षावाला शिव्या देत माझ्या माहेरापर्यंत पोचला. पुढची चाकं चढली, उतरली. मग मागची.  गाडी मागून नुसती दबली आणि उठली. आवाज नाही.

मी आरशात पाहिलं. त्यांचा एक डोळा उघडला होता.

"झाला का गं तो उंचवटा?"

"झाला आई."

 दुसरा गेला, तिसरा गेला. कडीवरचा हात सुटून मांडीवर आला. वडगावच्या पुढे रस्ता उकरलेला होता, तिथेही गाडी डुलली, आपटली नाही. मग त्यांचं लक्ष शेजारच्या प्लॅस्टिककडे गेलं.

"आनि ह्या टिकल्या कुनी लावल्या गाडीला?"

"मी."

"माज्या पाकिटातल्या हायेत. इचारलंस का?"

मी म्हटलं, "विचारलं नाही. घरी चला आणि भांडा." मच्छिंद्र खिडकीतून बाहेर बघायला लागले.

घराच्या वळणावर आलो. प्रेमला भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन फाटकात उभी होती, मागे सगळी भावकी. मी गाडी हळू केली. मागून सासूबाई म्हणाल्या, "थांबू नगंस."

"घर आलं आई."

"घर कुठं पळून जातंय? बसलेच हाय तर धरणावर घेऊन चल. तिथं कणीस भाजून देत्यात."

"आई, डॉक्टरांनी सांगितलंय आराम..." मच्छिंद्रनी सुरुवात केली.

"डाक्टरनं दात काडल्यात का माजे? भूक लागलीय मला."

मच्छिंद्रनी माझ्याकडे पाहिलं. मी गिअर बदलला आणि खडकवासल्याच्या रस्त्याला लागले.