पाच अक्षरांची सही

“ही अनसाबाई कोण?”

साहेबांनी रजिस्टरच्या पानावर बोट ठेवून विचारलं, तेव्हा मी मांडवात सतरंजी अंथरत होतो. दोन हजार तीन सालचा नोव्हेंबर, ग्रंथालय सप्ताहाचा शेवटचा दिवस. हुलसूरच्या आमच्या वाचनालयापुढे चार वाजता पिराजीबुवांचं कीर्तन होतं. नुसत्या भाषणांना गावात कोणी फिरकत नाही, कीर्तन म्हटलं की बाया पोरांना काखेत मारून येतात. म्हणून सप्ताहाची सांगता मी दरवर्षी कीर्तनानेच करीत असे. बुवांच्या मागे टाळ धरून उभा राहणाराही मीच.

“सभासद आहेत, सर.” मी म्हणालो. सतरंजीची चुणी उगाच पुन्हा सरळ केली.

“अहो गुंडेराव, तीन वर्षांत सगळ्यात जास्त पुस्तकं हिनंच नेलीत की! दर बाजाराला एक. एक बाजार चुकला नाही. आणि सही बघा, काय ठसठशीत!” विरुपाक्षसाहेब ग्रंथालय खात्याचे अधिकारी, बीदरहून आले होते. मराठी बोलत, पण कानडी वळणाने. वाचायला मात्र त्यांना कानडीच येई; रजिस्टरात नावं मी कानडीत लिहीत असे, सही तेवढी मराठीत. “माझ्यासाठी शाल आणलीय ना तुम्ही? ती हिला घाला. असले वाचक असल्यावर तुमची लायब्ररी कोण बंद करतंय?”

मी सतरंजीचं दुसरं टोक ओढू लागलो.

बंद होण्याची गोष्ट खरी होती. तीन वर्षांपूर्वी वरून कागद आला होता, की जिथली पुस्तकं घरी जात नाहीत तिथली कपाटं उचलून तालुक्याला, बसवकल्याणला न्यायची. आमच्याकडे सकाळी वर्तमानपत्र वाचायला वीस माणसं बसत. पण पुस्तक घरी नेणारं कोण राहिलं होतं? शिकलेली पोरं पुण्याला, हैदराबादला गेली. राहिलेल्यांच्या घरी टीव्ही आला. त्या कपाटांबरोबर माझीही खुर्ची जाणार होती. पण खुर्चीपेक्षा कपाटांसाठीच मी ते केलं, असं मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगत आलो.

अनसाबाई धनगराची. मेंढरं सासऱ्याच्या काळातच गेली, आता ती लोकांच्या रानात खुरपायला जायची. नवरा पिराप्पा वारलेला. मुलगा सिद्धराम पुण्यात इमारतींच्या सेंट्रिंगवर. महिन्याला त्याचं एक पोस्टकार्ड यायचं, आणि ते घेऊन ती बाजारच्या दिवशी वाचनालयाच्या पायरीशी येऊन बसायची. चप्पल लांब काढून. आत यायला सांगितलं तरी यायची नाही.

“अण्णा, तेवढं वाचा की. हळू वाचा. तुम्ही पटापटा वाचताव, मला लेकाचा आवाज येत न्हाई त्यात.”

कागद आला त्याच महिन्यात मी तिला म्हणालो, “अक्का, तुझं नाव सभासदांत घालतो.”

“कामून? मला कुटं वाचता येतंय?”

“नसू दे. दर बाजाराला एक पुस्तक न्यायचं, पुढच्या बाजाराला आणून द्यायचं. तेवढीच वाचनालयाची सेवा. फक्त सही लागेल. अंगठा चालत नाही.”

अंगठा का चालत नाही, ते तिने विचारलं नाही. सेवा म्हटल्यावर ती दुसरं काही विचारणारी नव्हतीच.

तिला सही शिकवायला मला नऊ दिवस लागले. पायरीच्या शहाबादी फरशीवर कोळशाने. रानातून येताना ती हात धुऊन यायची, आणि अक्षर काढताना जीभ दातात धरायची. अक्षरांना तिची आपली नावं होती.

“ह्यो ‘अ’ म्हंजी घोंगडं पांघरून बसलेला म्हातारा. शेजारी काठी उभी केलेली. बरोबर हाय का न्हाई?”

“बरोबर.”

“आन् ह्यो शेवटचा? शेंडीवाला?”

“तो ‘ई’.”

“आवं, नावात माझ्या बामन बसलाय की!” असं म्हणून ती इतकी हसली की आत वर्तमानपत्र वाचणारे बाहेर डोकावले.

अ, न, सा, बा, ई. दहाव्या दिवशी तिने रजिस्टरात सही केली आणि पेन दोन्ही हातांनी परत दिलं, जसा प्रसाद देतात तसं. मग म्हणाली, “आता सिद्धरामचं नाव शिकवा. मग त्याचं कार्ड माझं मीच वाचते. तुमाला तरास न्हाई.”

“होईल, सावकाश होईल.” मी म्हणालो.

मला पाच अक्षरांचंच काम होतं. सहावं मी शिकवलं नाही. पहिलं वर्षभर ती दर बाजाराला विचारत राहिली. मग महिन्यातून एकदा. मग नुसतं फरशीकडे बघायची आणि सही करून पुस्तक घेऊन जायची. कपाटातून ती चित्रं बघून पुस्तक निवडायची. घरी धुतलेल्या फडक्यात बांधून देवळीत ठेवायची आणि जसंच्या तसं परत आणायची. माझ्या वाचनालयातली इतकी स्वच्छ राहिलेली पुस्तकं दुसरी नव्हती.

टाळ धरून देवाच्या नावाला साथ देणारा माणूस खोटं धरत नाही, असं गावात समजतात. मीही समजत होतो.

चार वाजता मांडव भरला. बाया एका बाजूला, बापे एका बाजूला. बुवांनी सगळ्यांच्या कपाळी बुक्का लावला. कीर्तनाआधी सत्काराचं पाच मिनिटांचं काम. साहेबांनी माइकवर नाव पुकारलं आणि अनसाबाई बायांच्या घोळक्यातून उठेचना. शेजारची राजूबाई तिला कोपराने ढोसत होती, “ऊठ की गं, तुलाच बोलवायलेत!”

“मी काय केलं?” ती घाबरून म्हणाली. लोक हसले.

ती पुढे आली. त्या दिवशी बाजार होता, म्हणून फडक्यात बांधलेलं पुस्तक तिच्या हातातच होतं. साहेबांनी शाल घातली, टाळ्या झाल्या. तेवढ्यावर संपलं असतं. पण साहेब मनाने चांगला माणूस. त्यांनी फडकं सोडलं, पुस्तकावरचं मेंढरांचं चित्र पाहिलं आणि खुलले.

“कुरी! मेंढरांचं पुस्तक! अक्का, ह्यातलं दोन ओळी वाचून दाखवा लोकांना. पोरांना कळू दे, रानात राबणारी बाई वाचती कशी.”

अनसाबाईने माझ्याकडे पाहिलं.

मी बुवांच्या मागे उभा होतो. हातात टाळ. दोन पावलं पुढे येऊन एक वाक्य बोलायचं होतं. ‘साहेब, तिला वाचता येत नाही, ते मी केलंय.’ एवढंच वाक्य. मी टाळाच्या दोरीची गाठ बघत राहिलो.

“चष्मा न्हाई आणला, साहेब.” ती म्हणाली.

“घ्या, माझा घ्या.” पिराजीबुवांनी भाबडेपणाने स्वतःचा चष्मा काढून दिला. नकोही म्हणता येईना तिला; बुवांची वस्तू. तिने चष्मा डोळ्यांना लावला, तो नाकावरून घसरला, एका हाताने तिने तो धरून ठेवला. पुस्तक उघडलं. ओळीवर बोट ठेवलं, माझं बोट तिने तीन वर्षं कार्डावरून सरकताना पाहिलं होतं तसंच. आणि वाचू लागली.

“एका धनगराच्या तळावर देव पाहुणा आला. फाटकं धोतर, पायात काटं. धनगरीण म्हणाली, बस बाबा. ताक दिलं, घोंगडं दिलं. निघताना पाहुणा म्हणाला, बाई, काय देऊ? ती म्हणाली, तू टेकलास, लई झालं. एवढी माझी मेंढरं मोजून दे, मला मोजता येत न्हाई. देव मोजायला बसला. मोजतोय, मोजतोय, मेंढरं सरंनात. दिवस बुडायला आला.”

तिचं बोट ओळीच्या शेवटाला गेलं आणि खालच्या ओळीवर न येता तिथेच थांबलं.

“तवा धनगरीण म्हणाली, पाहुण्या, तुझी वाट मोडायली. तू नगो मोजू. मला मोजायला शिकीव.”

तिने पुस्तक मिटलं. टाळ्या अशा पडल्या की छपरावरचे पारवे उडाले. साहेबांनी तिथल्या तिथे जाहीर केलं, हुलसूरचं वाचनालय कुठेही जाणार नाही. मला पुढे ओढून त्यांनी स्वतःच्या गळ्यातला हार माझ्या गळ्यात घातला. मी तो घालून घेतला. आभाराचं भाषणही केलं. ‘वाचनसंस्कृती’ हा शब्द मी त्यात चार वेळा उच्चारला.

कीर्तन रंगलं म्हणतात. मला आठवत नाही. माझा टाळ दोनदा चुकला, तेवढं आठवतं. दुसऱ्यांदा चुकला तेव्हा बुवांनी वळून पाहिलं होतं.

मांडव रिकामा झाल्यावर बुवा पगडी काढून बसले होते. मी पाणी नेऊन दिलं. त्यांनी चष्म्याच्या काचा उपरण्याने पुसल्या आणि कुणी ऐकत नाही असं बघून हळूच म्हणाले, “गुंडेराव, साहेबांनी फडकं सोडलं तेव्हा पुस्तकाचं नाव वाचलं मी. मेंढरांच्या खुरांच्या रोगाचं पुस्तक होतं ते.”

मी सतरंजी गुंडाळायला घेतली.

“आख्यान माझं होतं. गेल्या साली इथंच सांगितलेलं. बाईनं शब्द न् शब्द धरून ठेवलाय.” बुवा पाणी प्यायले, फुलपात्र खाली ठेवलं. “शेवट माझा न्हवता पण. माझ्या आख्यानात धनगरीण देवाच्या पाया पडती.”

पुढच्या बाजारी मी कोळशाचे चांगले दोन तुकडे निवडून ठेवले होते. फरशी सकाळीच धुऊन घेतली. बाई बारा वाजता आली. काखेत पुस्तक, त्यावर घडी घातलेली शाल.

“ही ठिवा, अण्णा.”

“अक्का, ती तुला दिलेली आहे.”

“अंगावर ठरंना झाली. बुक्का लावलेल्या कपाळानं खोटं वाचलं मी. कीर्तनाच्या जागी.” तिने मला काही म्हटलं नाही. मला काही म्हणायची गोष्ट आहे, हे तिच्या मनात आलंच नसावं. किंवा आलं असेल आणि तिने ते गिळलं असेल. “माझं नाव काढून टाका त्या वहीतनं.”

“अक्का, बस जरा. आजपासून शिकवतो. हे बघ, कोळसा आणलाय. पहिलं सिद्धरामचंच नाव घेऊ.”

तिने कोळशाकडे पाहिलं. मग धुतलेल्या फरशीकडे.

“राहू द्या आता.” ती म्हणाली. “तवा लई हौस होती.”

नाव कमी करायचं तर अर्जावर सभासदाची सही लागते. अर्ज मीच लिहिला. कारणाच्या जागी काय लिहावं ते सुचेना, तेव्हा ‘स्वेच्छेने’ असं लिहिलं. कागद पुढे सरकवला. तिने पेन घेतलं, जीभ दातात धरली, आणि घोंगडं पांघरलेल्या म्हाताऱ्यापासून शेंडीवाल्यापर्यंत पाचही अक्षरं काढली. वरची रेघ एका दमात, सरळ. पेनाला टोपण लावलं आणि दोन्ही हातांनी परत दिलं.

उठताना तिच्या कमरेच्या पिशवीतून पोस्टकार्डाचा कोपरा वर आला. सिद्धरामचं. महिन्याचं यायचंच होतं. सवयीने माझा हात पुढे झाला.

तिने कार्ड काढून पदराआड धरलं, चपला घातल्या आणि वाचता येणारं दुसरं कोणी बघायला बसस्टँडकडे चालू लागली. लिहिलेली बाजू तिने आतल्या अंगाला, छातीशी केली होती.