उंबऱ्यावरची निळी नणंद

हुपरीच्या त्या घरात वाय-फाय होतं, लॅपटॉपही होता, पण दोघांचं बोलणं नव्हतं. भिंतीवरच्या डबीचा हिरवा दिवा काजव्यासारखा लुकलुकत होता, आणि लॅपटॉप रुसलेल्या जावयासारखा तोंड फिरवून बसला होता.

अनुजाची परीक्षा तीन वाजता होती. लोकांचं रेकॉर्ड केलेलं बोलणं ऐकून ते मराठीत टाइप करायचं, अशा घरबसल्या कामासाठी. चाचणी लॅपटॉपवरच द्यायची, आणि एकदाच. लग्नाला सात वर्षं झाली होती. तुम्हाला काय येतं, असं इतक्या वर्षांत तिला पहिल्यांदाच कुणीतरी विचारलं होतं.

लॅपटॉप भावाचा, जुना. त्याला विंडोज पेलवेना म्हणून तिनं काल त्यावर लिनक्स घातलं होतं. फुकट, सगळ्यांसाठी खुलं. यंत्र हरणासारखं पळायला लागलं, पण त्याचं वाय-फाय हाकणारा ड्रायव्हर नावाचा प्रोग्रॅम काही लिनक्समध्ये नव्हता. ड्रायव्हर मिळायचा इंटरनेटवर, आणि ड्रायव्हरशिवाय इंटरनेट नाही. पाणी विहिरीत, आणि दोर-पोहराही विहिरीतच.

फोनमधून वायरीनं इंटरनेट देता आलं असतं, पण अनुजाच्या फोनची पिन ढिली, त्याला वायर जोडून उपयोग नव्हता. "माझा जोडा की, वहिनी," धाकटा दीर सम्राट म्हणाला. "पर दीडची एसटी हाय. फोन घरात ठिवून मी काय कोल्हापूरला जानार न्हाय."

फोननं वाय-फाय घेतलं, वायरीतून लॅपटॉपला पाजलं. ड्रायव्हर उतरला. लॅपटॉपनं एक नवा पासवर्ड ठरवून घेतला आणि सांगितलं, आता मला बंद करून चालू करा. अनुजानं केलं आणि ती गॅसवरचं दूध बघायला आत पळाली. पुढच्या सोप्यात, लॅपटॉपजवळच, सासूबाई, म्हणजे आक्का, पैंजणात घुंगरं ओवत बसल्या होत्या.

परत येऊन बघते तर वाय-फाय नाही. पुन्हा पहिल्यापासून सगळं केलं. तेवढ्यात सम्राटनं डब्यासाठी हाक मारली, ती डबा भरून आली. पुन्हा नाही.

सम्राटनं वायर उपटली. "ह्यापेक्षा आमची मारकी म्हस बरी की, वहिनी," म्हणाला, आणि एसटी गाठायला धावला.

दोन वाजले. अनुजानं ड्रायव्हरला हुकूम टाइप करून उठवून बघितलं. पडद्यावर एक ओळ उमटली: चावी नाकारली. कसली चावी? तिनं ती ओळ फोनवर शोधली: परत चालू होताना लॅपटॉप तो ठरवलेला पासवर्ड विचारतो म्हणे. तिला तर कुणी विचारलाच नव्हता. तिची नजर आक्कांवर गेली.

"आक्का, हे परत चालू होताना काय दिसलं का हो तुम्हाला?"

"दिसलं की. निळं निळं. दोन्ही बारीला. आकडं उलटं मोजत हुतं. म्हटलं, बिघडतंय. मग ते मोठं बटण दाबलं दोन-तीनदा. गेलं गप."

अनुजानं कपाळावर हात मारला, आणि मग तिला हसूच फुटलं. "अहो, ते बिघडत नव्हतं! हा नवा ड्रायव्हर कोण, आत घेऊ का, असं विचारत होतं. पासवर्ड सांगितला तरच घेणार. दहाच सेकंद थांबतं ते."

आक्कांची सुई हवेतच थांबली. "मंजी नणंद दार अडवून हुबी हाय. नाव घे म्हनतीया. आन् मी तिलाच बाजूला सारून पुढं चला म्हनतीया, व्हय? नवरी बसली भायेरच!"

"व्हय की."

"मग आधी सांगायचं न्हाईस, येडे?"

"मला तरी आत्ताच कळलंय."

ड्रायव्हर यंत्रात आलेलाच होता. फक्त त्याची ओळख पुन्हा दारात न्यायची होती. त्यासाठी इंटरनेट लागत नव्हतं. अनुजानं पासवर्ड पुन्हा नोंदवला. लॅपटॉप बंद होऊन चालू झाला. आक्का येऊन शेजारी बसल्या, दोन्ही हात मांडीखाली दाबून. "माझ्या हातांचा मला भरवसा न्हाय," म्हणाल्या.

निळा पडदा आला. दहा, नऊ, आठ. अनुजानं बटण दाबलं. 'पुढं चला' म्हणणारी पहिली ओळ सोडली, चावी नोंदवायची दुसरी ओळ धरली. पासवर्डाची मोकळी जागा समोर आली.

"कुनाचं नाव घातलंस? नवऱ्याचं, आमच्या विश्वजितचं?"

"माझंच. आणि पुढं हुपरी."

आक्कांनी घसा खाकरला, आणि उभ्या आयुष्यात कुणासाठी घेतला नव्हता असा उखाणा घेतला:

"चांदीच्या पैंजणाला घुंगरं ओवली बारा,
अनुजा घेती सोताचं नाव, नणंदबाई, दार सोडा जरा!"

अनुजा एकेक अक्षर दाबत गेली. पडद्यावर काहीच उमटत नव्हतं, तरी तिला आपलं नाव दिसत होतं. लॅपटॉप पुन्हा अंधारला, पुन्हा उजळला. कोपऱ्यात वाय-फायची एक बारीक कमान आली. तिच्यावर दुसरी. तिच्यावर तिसरी.

"सोडलं गं बया दार!" आक्का म्हणाल्या.

तीनला सात मिनिटं कमी होती. अनुजानं कानात इअरफोन घातले, बोटं मोकळी केली. तीनला पहिलं बोलणं सुरू झालं, कुणा म्हाताऱ्या बाईचं, सावकाश, थांबत थांबत. अनुजाची बोटं तिच्या मागोमाग चालू लागली.

सोप्यात आक्कांनी अर्धं पैंजण हातात घेतलं. घुंगरं किणकिणली. त्यांनी चटकन ती ओच्यात घेतली, वर पदर टाकला, आणि त्या सात वर्षांत पहिल्यांदा काम थांबवून सुनेला काम करताना बघत बसल्या.